चूल, शेगडी आणि बंब : घरातील अग्नीची मराठी परिभाषा

१. विषयाची मांडणी

शीत प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी लाकडावर चालणारे एक बंदिस्त लोखंडी साधन वापरतात. त्याला दार असते, हवेचे प्रमाण कमीजास्त करण्याची सोय असते आणि धूर घराबाहेर नेणारे नळकांडे असते. या साधनाचे वर्णन मराठीत करावयाचे झाल्यास पहिली अडचण नावापासूनच उपस्थित होते. त्यास 'चूल' म्हणावे तर वाचकाच्या मनात स्वयंपाक येतो. 'शेगडी' म्हणावे तर उघडे निखारे डोळ्यांपुढे येतात. 'स्टोव्ह' म्हणावे तर रॉकेलचा वास येतो. इंग्रजीत हा शब्द कोणत्याही इंधनाच्या साधनास लागू असला तरी मराठीत तो आला तो रॉकेलच्या पितळी साधनाबरोबर, आणि त्या अर्थातच रूढ झाला. म्हणजे वस्तू समजावून सांगता येते, परंतु तिला बसावयास शब्दांच्या घरात जागा नाही.

ही उणीव भाषेच्या दारिद्र्याची नव्हे. शब्द वस्तूंबरोबर आणि वस्तूंच्या वापराबरोबर वाढतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्यूगो शुखार्ड्ट आणि रूडॉल्फ मेरिंगर यांनी 'शब्द आणि वस्तू' यांचा अभ्यास एकत्र केला पाहिजे असा आग्रह धरला आणि त्या नावाचे नियतकालिकही १९०९ साली सुरू झाले. मेरिंगर यांनी आपल्या अभ्यासासाठी घर व घरातील सामान हेच क्षेत्र निवडले होते. त्याच पद्धतीने मराठी घरातील अग्नीच्या शब्दसंपत्तीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विचाराला एक व्यावहारिक बाजूही आहे. 'धूर', 'निर्धूर' यांसारख्या शब्दांचा अर्थ नीट न उलगडल्यास शासकीय योजना फसतात आणि प्रसंगी माणसे प्राणासही मुकतात.

निरीक्षणासाठी हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका या गावाचा परिसर सोयीचा आहे. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावरील हे गाव मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या सीमेवर वसले आहे. 'नाका' हा शब्दच जकातीची व सीमेची आठवण देतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी अलीकडचा मुलूख हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्यात होता आणि पलीकडचा वऱ्हाड मध्य प्रदेशात मोडत होता. आजही एका बाजूस १९९९ साली झालेला हिंगोली जिल्हा आणि दुसऱ्या बाजूस १९९८ साली झालेला वाशीम जिल्हा आहे. राज्यकारभाराच्या सीमा अशा बदलत गेल्या. चुलीत घालण्याचे जळण मात्र दोन्हीकडे तेच राहिले, आणि त्याची नावे थोडीथोडी बदलली. कापसाच्या वाळलेल्या झाडास वऱ्हाडात 'पऱ्हाटी' आणि मराठवाड्यात अनेक ठिकाणी 'पळाटी' म्हणतात. तुरीच्या काड्यांस 'तुराटी' वा 'तुऱ्हाटी' म्हणतात. 'विस्तव' हा शब्द 'इस्तू', 'इस्तो' असा उच्चारला जातो. विहीर–इहीर, वीज–ईज या जोड्यांत दिसणारा आद्य वकाराचा लोप येथेही झालेला आहे.

२. तापते काय?

घरातील अग्नीसंबंधीची मराठी क्रियापदे पाहिली असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शेकणे, तापणे, तापविणे, उकळणे, भाजणे, आधण ठेवणे, ऊब घेणे या सर्वांचे कर्म किंवा आश्रय तीनच प्रकारचे आहेत : अन्न, पाणी आणि शरीर. हात शेकतात, अंग शेकतात, बाळंतिणीला शेक देतात, पाणी तापवितात, भाकरी भाजतात. 'खोली तापविणे' असा प्रयोग मराठीत केल्यास तो समजेल, परंतु तो रूढ नाही. 'शेकोटी' हा शब्दही याच वर्गातला. शेकोटी अंगणात वा चावडीपुढे पेटते आणि तिच्याभोवती बसणाऱ्याचे अंग तापविते. तिच्याभोवतीची हवा तापविण्याचा तेथे प्रश्नच नसतो.

याचे कारण हवामानात आणि घराच्या बांधणीत आहे. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो हे खरे. परंतु अशा रात्री मोजक्या, आणि दिवसा ऊन असते. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद किंवा धाबे असलेल्या जुन्या घरात दिवसाची उष्णता भिंतीत साठते आणि रात्री हळूहळू आत उतरते. त्यात स्वयंपाकघरातील चुलीची भर पडते. उजेड आत यावा आणि धूर वर जावा म्हणून माळवदात 'सवणे' ठेवलेले असते. म्हणजे या घरात उष्णता देणारे स्वतंत्र साधन नव्हते. चूल, भिंत आणि पांघरूण या तिघांनी मिळून ते काम केले.

युरोपीय भाषांत याउलट स्थिती आहे. इंग्रजीतील 'स्टोव्ह' या शब्दाचा जुना अर्थ 'तापविलेली खोली' किंवा 'उष्ण स्नानगृह' असा होता. खोलीचे नाव पुढे खोली तापविणाऱ्या साधनाला मिळाले. जर्मन भाषेतील 'श्टूब' हा त्याचाच भाऊबंद, आणि त्याचा अर्थ आजही 'बैठकीची खोली' असाच आहे. इंग्रजीतील 'चिम्नी' हा शब्द फ्रेंचमार्गे ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा संबंधही भट्टी असलेल्या खोलीशी आहे. तेथे तापलेली खोली हीच मूळ कल्पना आहे. मराठीत हाच शब्द 'चिमणी' होऊन आला तो कारखान्याच्या धुराड्यासाठी आणि काचेच्या नळीच्या रॉकेलच्या दिव्यासाठी. पुढे काच नसलेल्या लहान दिव्यासही तो लागला, आणि पाखराच्या नावाशी त्याचे रूप जुळल्याने तो परका आहे ही जाणीवही उरली नाही.

३. चूल

'चूल' हा शब्द संस्कृत 'चुल्ली' व प्राकृत 'चुल्ली' यांच्याशी सरळ जुळतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी नकळत हिंसा घडविणारी पाच स्थाने सांगितली आहेत. त्यांत पहिले नाव चुल्लीचे आहे. अमरकोशाने तिला अश्मंत, उद्धान, अधिश्रयणी आणि अंतिका असे आणखी पर्याय दिले आहेत. यांतील 'अश्मंत' हे नाव दगडाचे, म्हणजे तीन दगडांच्या चुलीचे स्मरण करून देते. 'अधिश्रयणी' हे नाव भांडे वर ठेवण्याच्या क्रियेवरून पडले आहे. पंडितांचे हे सर्व शब्द मागे पडले आणि 'चुल्ली' तेवढा लोकभाषांत टिकला. बरो आदी विद्वानांनी त्याचे मूळ द्राविडी मानले असून तमिळमधील भट्टीवाचक शब्दांशी त्याचा संबंध दाखविला आहे. तसे असेल तर घरातील सर्वांत जवळची वस्तू दोन भाषाकुलांच्या संपर्काची साक्ष देते असे म्हणावे लागेल.

चुलीच्या अवयवांची नावेही जुनी व नेमकी आहेत. मुख्य तोंडाच्या बाजूस, त्याच जाळावर दुसरे भांडे तापविण्यासाठी असलेले उपमुख म्हणजे 'वैल' किंवा 'औल'. कन्नडमध्ये चुलीसच 'ओले' म्हणतात, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे; मात्र केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये हा नियम येथेही पाळला पाहिजे. चुलीच्या मागील उंचवट्यास 'भाणस', 'भाणवस', 'भानुस' अशा उच्चारभेदांनी ओळखतात; शिजलेले अन्न तेथे ऊन राहते. मोठ्या पाकासाठी वा गुळाच्या काहिलीसाठी खणलेल्या लांबट चुलीस 'चुलवण' म्हणतात. या प्रत्येक शब्दामागे उष्णतेचा एक हिशेब आहे. वैल म्हणजे पहिल्या भांड्याखालून सुटलेल्या जाळाचा उपयोग, आणि भाणस म्हणजे मातीत शिरलेल्या उष्णतेचा उपयोग. अभियंता ज्यास वाया जाणाऱ्या उष्णतेची पुनःप्राप्ती म्हणेल, ती घरातील स्त्रीने दोन शब्दांत बांधून ठेवली होती.

चूल ही कुटुंबाची खूणही आहे. 'चूल मांडणे' म्हणजे संसार थाटणे. 'वेगळी चूल' म्हणजे विभक्त होणे. वऱ्हाड-मराठवाड्यात घरातील सर्वांना जेवणाचे बोलावणे असले म्हणजे ते 'चूलबंद' आवतण होते, कारण त्या दिवशी त्या घरी चूल पेटण्याचे कारण उरत नाही. भारताच्या जनगणनेनेही कुटुंबाची व्याख्या करताना एकत्र राहणे व सामाईक स्वयंपाकघरातून जेवणे हीच कसोटी धरली आहे. इंग्लंडात १६६२ ते १६८९ पर्यंत चुलीगणिक कर घेतला जात होता, आणि लॅटिनमधील 'फोकस' या चूलवाचक शब्दापासून फ्रेंच व स्पॅनिश भाषांतील 'अग्नी' या अर्थाचे शब्द निघाले. घर, कुटुंब आणि अग्नी यांचे हे ऐक्य मराठीपुरते मर्यादित नाही.

येथे एका लोकव्युत्पत्तीचा उल्लेख आवश्यक आहे. 'चुलत' म्हणजे ज्याची चूल वेगळी तो, असे अनेकदा सांगितले जाते. ते आकर्षक असले तरी बरोबर नाही. 'चुलता' या शब्दातील 'चुल' हे 'लहान' या अर्थाच्या प्राकृत 'चुल्ल' (संस्कृत क्षुल्ल) याचे रूप आहे. पालीत बापाच्या धाकट्या भावास 'चूळपिता' म्हणतात तो याच अर्थाने. चुलता म्हणजे धाकटा बाप. चुलीशी त्याचा संबंध नाही.

४. शेगडी आणि अदृश्य विष

अमरकोशाने चुल्लीच्या लगेच पुढे निखाऱ्यांच्या पात्राची नावे दिली आहेत : अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती आणि हसनी. यांतील 'अंगारशकटी' म्हणजे निखाऱ्यांची गाडी. 'शकटी' या उत्तरपदापासून मराठी 'शेगडी', गुजराती 'सगडी' आणि हिंदी 'सिगडी' हे शब्द आले. चूल स्थिर आणि शेगडी फिरती, हा भेद नावातच आहे. म्हणूनच पुढे इंधन बदलले तेव्हा शेगडी सहज बदलू शकली : कोळशाची शेगडी, विजेची शेगडी, गॅसची शेगडी. भुईशी बांधलेला 'चूल' हा शब्द मात्र या वाटेने फारसा गेला नाही. 'सौर चूल' यासारखे प्रयोग बोलीतून आलेले नसून परिभाषेतून आलेले आहेत.

शेगडीत लाकडी कोळसा जळतो. लाकडातील वायुरूप होणारा भाग कोळसा पाडतानाच निघून गेलेला असल्याने शेगडीस धूर नसतो. भाषेच्या दृष्टीने तेथे 'धूर नाही', म्हणून भीती नाही. वस्तुस्थिती उलट आहे. निखाऱ्यास पुरेशी हवा न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साईड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने जोडला जातो. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळतात ती यामुळेच. 'धूर' या शब्दाची व्याप्ती डोळ्यांना झोंबणाऱ्या व नाकाला जाणवणाऱ्या पदार्थापुरती आहे. हा वायू त्या व्याप्तीबाहेर पडतो, आणि त्यामुळे तो व्यवहारातील सावधगिरीच्याही बाहेर पडतो. झोपण्याच्या बंद खोलीत शेगडी ठेवू नये, हा नियम 'धूर' या शब्दावर विसंबून शिकविता येत नाही. तो स्वतंत्रपणेच सांगावा लागतो.

५. बंब

लाकूड बंदिस्त जाळून त्याची उष्णता घरकामास लावणारे साधन मराठी घरात नव्हतेच असे मात्र नाही. ते न्हाणीघरात होते. 'बंब' हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज 'बोंबा' पासून आला. 'आगीचा बंब' या प्रयोगात त्याचा मूळ अर्थ अद्याप दिसतो. न्हाणीतील बंब हे तांब्या-पितळेचे उभे पात्र असते. त्याच्या मधून एक नळी जाते. खालच्या जाळीवर ढलप्या, चिपाडे, करवंट्या पेटवितात. हवा खालून येते, जाळ नळीतून वर चढतो आणि नळीभोवतीचे पाणी तापते. वरच्या नरसाळ्यात थंड पाणी ओतावे तेव्हा तेवढेच ऊन पाणी बाहेर पडते.

रचनेच्या दृष्टीने पाहता आधुनिक लाकडी तापकाची तीन अंगे बंबात आहेत : कोंडलेला अग्नी, खालून नियंत्रित येणारी हवा आणि वर ओढ घेणारी नळी. चुलीत भांडे अग्नीवर असते. बंबात अग्नी भांड्याच्या पोटात असतो. पाण्याच्या जागी खोलीतील हवा कल्पिली की तापकाचे तत्त्व स्पष्ट होते. मराठी वाचकास हे साधन समजावून देताना चुलीपेक्षा बंबापासून आरंभ करणे म्हणूनच अधिक योग्य ठरेल.

६. लाकूड कसे जळते

लाकूड तीन टप्प्यांत जळते. प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते. नंतर, सुमारे दोनशे अंशांपुढे, लाकूड विघटित होऊन त्यातून ज्वालाग्राही वायू व डांबरी बाष्पे निघतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या रूपाने बाहेर पडतो. शेवटी उरलेला कोळसा निखारा होऊन जळतो. दुसऱ्या टप्प्यातील वायू पुरेशा उष्णतेत आणि पुरेशा हवेत सापडले तर त्यांची ज्योत होते; न सापडले तर त्यांचाच धूर होतो. धूर म्हणजे न जळलेले इंधन होय.

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाचा एक धागा फार पूर्वी पकडला होता. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, परंतु अग्नीवरून धुराचे होत नाही, कारण लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. अग्नी असेल तेथे धूर असेलच असे म्हणावयाचे तर ओल्या इंधनाचा संयोग ही अट घालावी लागते. तर्कशास्त्रात तीच 'आर्द्रेन्धनसंयोग' या नावाने उपाधीचे प्रसिद्ध उदाहरण झाली. नव्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते उडविण्यात उष्णता खर्च होते, ज्वालास्थान थंड राहते आणि वायू न जळता निसटतात. म्हणून तापकात घालावयाच्या लाकडात पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांहून कमी असावे असे सांगतात.

आधुनिक तापकात खालून येणाऱ्या हवेखेरीज ज्वालेच्या वरच्या भागात तापविलेली दुय्यम हवा सोडतात. आतील भिंती उष्णतारोधक विटांच्या असतात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातील वायू तेथल्या तेथे जळतात. तीन दगडांच्या चुलीत इंधनातील उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्के भांड्यात पोहोचते. चांगल्या बंदिस्त तापकात सत्तर टक्क्यांहून अधिक उष्णता खोलीस मिळते. ही तुलना सारख्या कामांची नव्हे, कारण चुलीची भांड्याबाहेर गेलेली उष्णताही थंडीत घरालाच लागते. 'कार्यक्षमता' हा शब्दसुद्धा कोणत्या कार्याची, हे सांगितल्यावाचून अपुरा राहतो.

कनेरगावच्या परिसरातील जळणाचा विचार केल्यास आणखी एक भेद दिसतो. पळाटी व तुराटी भरभर पेटतात आणि भरभर विझतात. त्यांना सतत सारावे लागते. तापक मात्र जाड ओंडके एकदा भरून काही तास संथ जळत ठेवण्यासाठी घडविलेला असतो. म्हणून परदेशी साधन उचलून आणण्याने येथील प्रश्न सुटणारा नाही.

७. 'निर्धूर' या शब्दाचे तीन अर्थ

चूल सुधारण्याचे प्रयत्न या भागास नवे नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल सिद्ध केली व १९५३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कनेरगाव त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते. १९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो बंद होईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' या संस्थेने 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' अशा चुली प्रचारात आणल्या. यांपैकी असंख्य चुली काही वर्षांतच मोडल्या वा टाकून दिल्या गेल्या. ओडिशातील सुधारित चुलींचा दीर्घ अभ्यास हॅना, डफ्लो व ग्रीनस्टोन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यातही पहिल्या वर्षानंतर लाभ ओसरल्याचे आणि देखभाल व वापर घटल्याचे दिसून आले.

अपयशाची कारणे अनेक आहेत. त्यांत एक परिभाषेचेही आहे. 'निर्धूर चूल' या नावाचे तीन निरनिराळे अर्थ संभवतात. पहिला, जिच्यात ज्वलन पूर्ण होऊन धूर उत्पन्नच होत नाही ती. दुसरा, जिच्यात धूर होतो परंतु धुराड्यातून बाहेर जातो ती. तिसरा, जिचा धूर दिसत नाही ती. वाटलेल्या बहुतेक बांधीव चुली दुसऱ्या अर्थाच्या होत्या. नाव मात्र पहिल्या अर्थाचे आश्वासन देत होते. पहिल्या अर्थाच्या वस्तूस निगेची गरज भासत नाही. दुसऱ्या अर्थाच्या वस्तूचे धुराडे काजळीने भरते आणि ते वेळोवेळी साफ न केल्यास धूर पुन्हा घरात फिरतो. 'धुराड्याची चूल' असे साधे नाव असते तर धुराडे हा तिचा प्राण आहे हे नावानेच सांगितले असते. तिसऱ्या अर्थाने शेगडीही निर्धूरच, आणि तिचा धोका वर सांगितला आहे. आधुनिक तापक हा पहिल्या व दुसऱ्या अर्थांचा संगम साधू पाहतो. तरीही त्याचे धुराडे झाडावेच लागते.

८. उपसंहार

परिभाषा घडविताना दोन पथ्ये पाळावीत असे या विवेचनावरून म्हणता येईल. साधनाचे नाव परिणामाच्या आश्वासनावरून न ठेवता रचनेवरून ठेवावे : बंद चूल, धुराड्याची चूल, दुहवेची चूल. आणि नवा शब्द घडविण्यापूर्वी घरात रूढ असलेल्या शब्दांकडे पाहावे. वैल, भाणस, सवणे, बंब या शब्दांत उष्णता व हवा यांचे जे ज्ञान साठले आहे, ते कोणत्याही नव्या चुलीच्या आराखड्यास उपयोगी पडेल.

या शब्दांची नोंद आता लांबणीवर टाकता येणार नाही. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या व १८५७ च्या कोशात आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अशा शब्दांपैकी अनेक मिळतात. परंतु सीमाप्रदेशातील उच्चार, अर्थच्छटा आणि वस्तूंचे आकार केवळ कोशांतून कळत नाहीत. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेने गॅस खेड्याखेड्यांत पोहोचविला आणि स्त्रियांच्या डोळ्यांवरचा व छातीवरचा धुराचा भार हलका होण्याची वाट झाली. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. मात्र चुलीबरोबर तिची भाषाही जाते. ती वापरलेल्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. कनेरगावसारख्या गावी जाऊन चुलीचे चित्र काढावे, प्रत्येक भागावर बोट ठेवून त्याचे नाव विचारावे, आणि ते नाव ज्या उच्चाराने सांगितले जाईल त्याच उच्चाराने लिहून घ्यावे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका हिवाळ्यात होण्याजोगे हे काम आहे.